प्रतिपिंडांचे मौन : रक्तकर्करोगी बालके आणि बुरशीजन्य संसर्ग यांविषयीच्या एका वैद्यकीय कल्पनेचा इतिहास

१

'प्रति' हा उपसर्ग मराठीत दोन अर्थांनी वावरतो. प्रत्युत्तर, प्रतिसाद, प्रतिध्वनी या शब्दांत तो 'उलट आलेले' असा अर्थ देतो. प्रतिकार, प्रतिबंध, प्रतिपक्ष या शब्दांत 'विरुद्ध उभे राहिलेले' असा. 'प्रतिपिंड' या पारिभाषिक शब्दात हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. शरीरात परके द्रव्य शिरले म्हणजे रक्तात जे विशिष्ट प्रथिन तयार होते, ते त्या द्रव्याला मिळालेले उत्तरही असते आणि त्याचा प्रतिकारही असतो. पाउल एर्लिख यांनी १८९१ मध्ये योजलेल्या मूळ जर्मन शब्दात विरोधाचा अर्थ प्रधान होता. मराठी शब्दाने त्यात उत्तराची छटा मिळवली आणि ती वैद्यकाच्या व्यवहाराला धरूनच आहे. कारण प्रतिपिंडांचा एक मोठा उपयोग झाला तो रोग ओळखण्यासाठी. १८९६ मध्ये फेर्नां विडाल यांनी विषमज्वराच्या रोग्याच्या रक्तद्रवात त्या रोगाच्या जंतूंचे पुंजके होतात हे दाखवून दिले आणि रक्ताला प्रश्न विचारून रोगाचे नाव काढून घेण्याची रीत रूढ झाली. आजऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी ताप आठवडाभर हटला नाही म्हणजे 'विडाल करून घ्या' असे अजूनही सांगितले जाते. शास्त्रज्ञाचे नाव चाचणीचे नाव होऊन बोलीत मुरले, यावरून ही रीत किती खोल रुजली ते कळते.

या रीतीच्या मुळाशी एक गृहीत आहे : रोग असेल तर रक्त उत्तर देईल, रक्त उत्तर देत नसेल तर रोग नाही. हे गृहीत बहुतेक ठिकाणी उपयोगी पडले. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यानंतर रुग्णांचा एक असा वर्ग निर्माण झाला की, त्यांच्या बाबतीत ते प्राणघातक ठरू लागले. रक्तकर्करोगावर रासायनिक उपचार घेणारी आणि त्या उपचारांच्या ऐन भरात बुरशीच्या संसर्गाने पछाडली जाणारी मुले हा तो वर्ग होय. त्यांच्या रक्ताचे मौन वैद्यकाला कसे वाचता आले, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. या इतिहासाचे काही महत्त्वाचे धागे मुंबई आणि पिंपरी येथे गुंतलेले आहेत, हे त्यातून ओघाने दिसेल.

२

रक्तकर्करोग आणि बुरशीचा रोग यांची नावे एकाच पंडिताच्या चरित्रात भेटतात. रुडोल्फ फिर्खो यांनी १८४५ मध्ये एका रुग्णाच्या शवचिकित्सेत रक्तातील पांढऱ्या पेशींची विलक्षण वाढ पाहिली आणि १८४७ मध्ये त्या विकाराला ग्रीक शब्दांवरून 'पांढरे रक्त' अशा अर्थाचे नाव दिले. त्याच फिर्खोंनी १८५६ मध्ये मानवी फुप्फुसांत वाढलेल्या अ‍ॅस्परजिलस या बुरशीचे वर्णन केले. दोन्ही शोध एका शवचिकित्सकाच्या मेजावर लागले, तरी या दोन विकारांचा परस्परसंबंध जुळायला सुमारे शंभर वर्षे जावी लागली. कारण उघड आहे. तीव्र रक्तकर्करोगाचे मूल काही आठवड्यांत वा महिन्यांत दगावत असे. बुरशीला त्याच्या शरीरात पाय रोवण्यास अवधीच मिळत नसे. तो अवधी पुढे औषधांनी मिळवून दिला.

त्या औषधांची कथा मुंबईपासून सुरू होते. १९२८ मध्ये डॉ. लूसी विल्स ही इंग्लिश विदुषी गरोदर स्त्रियांतील एका जीवघेण्या पांडुरोगाचा अभ्यास करण्यासाठी मुंबईस आली. हा रोग गिरणगावातील गरीब कामगार स्त्रियांत विशेष आढळे. परळच्या हाफकिन संस्थेतील संशोधनातून, आणि विशेषतः निकृष्ट आहारावर ठेवलेल्या माकडांवरील प्रयोगातून, यीस्टच्या अर्काने हा पांडुरोग बरा होतो असे त्यांना दिसले. १९३१ मध्ये त्यांनी हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. यीस्ट ही स्वतः एक बुरशीच होय; म्हणजे या कथेत बुरशीचा पहिला प्रवेश तारक म्हणून झाला. यीस्टमधील तो गुणकारी घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. पालकाच्या पानांतून तो वेगळा केल्यामुळे १९४१ मध्ये 'पान' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला हे नाव मिळाले.

याच १९३१ साली लेडी मेहेरबाई टाटा रक्तकर्करोगाने निवर्तल्या. त्यांच्या स्मरणार्थ १९३२ मध्ये स्थापन झालेल्या न्यासाने रक्तकर्करोगाच्या संशोधनास साहाय्य देण्याचे व्रत घेतले, आणि सर दोराबजी टाटा न्यासाने उभारलेले टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे, हाफकिन संस्थेच्या शेजारवस्तीत, सुरू झाले. फॉलिक आम्लाचा पहिला मागमूस जेथे लागला आणि ज्या रुग्णालयात पुढे त्याच्या विरोधी द्रव्यांनी मुलांवर उपचार झाले, ती दोन्ही स्थळे अशी एकाच परळात आहेत.

मधला दुवा अमेरिकेत जोडला गेला. आंध्रातील भीमवरम येथे जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली लेडर्ली प्रयोगशाळेत फॉलिक आम्लाचे संश्लेषण झाले. त्याचप्रमाणे त्याच्याशी साम्य असलेली, पण त्याचे कार्य अडवणारी द्रव्येही तयार झाली. बॉस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांना असे जाणवले होते की, फॉलिक आम्लाच्या संयुगांनी रक्तकर्करोग उलट वाढतो. त्यावरून त्यांनी त्याचे विरोधी द्रव्य, अमिनॉप्टेरिन, सोळा बालकांना देऊन पाहिले. जून १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या वृत्तांतानुसार त्यांपैकी दहा बालकांत रोगाला तात्पुरता उतार पडला. सुब्बाराव त्याच वर्षी वारले.

३

फार्बर यांच्या यशामागचे तत्त्व नीट ध्यानात घेतले पाहिजे, कारण पुढील सर्व गुंतागुंत त्यातच दडलेली आहे. विभाजन पावणाऱ्या प्रत्येक पेशीला नवे केंद्रकाम्ल घडवावे लागते आणि त्यासाठी फॉलिक आम्ल लागते. ते अडवले की पेशीचे विभाजन थांबते. परंतु कर्करोगाची पेशी तेवढी वेगळी काढण्याचा विवेक या औषधाला नाही. अस्थिमज्जेत रोज कोट्यवधी संख्येने जन्मणाऱ्या निरोगी रक्तपेशीही त्याच्या तडाख्यात सापडतात. १९५३ च्या सुमारास आलेले सहा-मरकॅप्टोप्युरिन, पाठोपाठ प्रेडनिसोनसारखी द्रव्ये आणि साठीच्या दशकात सदाफुलीपासून काढलेले व्हिन्क्रिस्टिन यांनी उपचारांचे बळ वाढवले. आपल्या परसात बारमाही फुलणाऱ्या सदाफुलीचा हा उपयोग अनेकांस ठाऊक नसतो. ही औषधे एकत्र देऊ लागल्यावर उताराचा काळ आठवड्यांवरून वर्षांवर गेला, तसा मज्जा दबून राहण्याचा काळही लांबला.

त्याचा परिणाम १९६६ मध्ये अंकांत मांडला गेला. जेराल्ड बोडी, मोनिका बकली, वाय. एस. साठे आणि एमिल फ्रायराइख यांनी तीव्र रक्तकर्करोगाच्या रुग्णांतील पांढऱ्या पेशींची संख्या आणि संसर्ग यांचे नाते तपासले. दर घन मिलिमीटर रक्तातील कणयुक्त पेशींची संख्या हजाराखाली गेली की संसर्गाचा धोका वाढू लागतो, शंभराखाली गेली की तो कळसास पोहोचतो आणि ही स्थिती जितके दिवस टिकते तितका तो अधिक गडद होतो, असे त्यांनी दाखवले. जंतूंवरील प्रतिजैविके एव्हाना प्रभावी झाली होती. त्यामुळे जंतूंच्या तावडीतून सुटलेली मुले बुरशीच्या तोंडी जाऊ लागली. त्यांत दोन नावे वारंवार येतात. कँडिडा ही यीस्ट जातीची बुरशी निरोगी माणसाच्या तोंडात आणि आतड्यात निरुपद्रवीपणे राहते. तिचे पूर्ण नाव कँडिडा आल्बिकन्स. यातील दोन्ही लॅटिन शब्द पांढरेपणाचेच वाचक आहेत, आणि 'पांढऱ्या रक्ता'च्या रोगात तिने घात करावा हा नामकरणाचा योगायोग होय. दुसरी अ‍ॅस्परजिलस. ती श्वासावाटे येते.

श्वासावाटे येणाऱ्या बुरशीचा अर्थ सह्याद्रीच्या कुशीतील माणसाला समजावून सांगावा लागत नाही. आजरा तालुक्यात हिरण्यकेशीच्या खोऱ्यात जूनपासून चार महिने पाऊस ठाण मांडतो. ज्या दमट हवेत तेथील सुवासिक घनसाळ भात पिकतो, त्याच हवेत चामड्याच्या वहाणांवर, भिंतींच्या कोपऱ्यांत, भिजलेल्या वैरणीत बुरशी धरते. कुजणाऱ्या गवतापाल्यावर वाढणाऱ्या अ‍ॅस्परजिलसचे बीजकण इतके सूक्ष्म असतात की, ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. पृथ्वीवरील प्रत्येक माणूस ते दररोज श्वासात घेतो. निरोगी मुलाच्या फुप्फुसात भक्षक पेशी त्यांचा तेथल्या तेथे निकाल लावतात. मुलाला खोकलाही येत नाही. पेशींची संख्या शंभराखाली गेलेल्या मुलाच्या फुप्फुसात मात्र तेच कण रुजतात, तंतू फोडतात आणि रक्तवाहिन्यांच्या भिंती भेदून पुढे सरकतात. गावाचे हवामान तेच असते, बुरशीही तीच असते. बदललेला असतो तो मुलाच्या शरीराचा बंदोबस्त.

बुरशीवर औषध शोधण्याच्या कामीही महाराष्ट्राचा हातभार लागला. १९५० च्या दशकाच्या मध्यास व्हेनेझुएलातील मातीत सापडलेल्या सूक्ष्मजीवापासून अँफोटेरिसिन-बी मिळाले. ते प्रभावी, पण मूत्रपिंडास फार जाचक होते. १९५४ मध्ये सुरू झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या कारखान्यात डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांनी १९६१ मध्ये हॅमायसिन हे बुरशीनाशक पुढे आणले. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले त्याचे 'पिम्प्रिना' हे जातिनाम पिंपरीवरूनच पडले आहे. हॅमायसिनचा उपयोग मुख्यतः बाहेरून लावण्यापुरता राहिला. रक्तात शिरलेल्या बुरशीसाठी अँफोटेरिसिनचाच आधार होता, आणि ते इतके जाचक असल्यामुळे रोगाची खात्री पटल्यावाचून ते द्यावयास डॉक्टर कचरत. म्हणूनच खात्री कशी करावी हा प्रश्न ऐरणीवर आला.

४

खात्रीसाठी वैद्यकाने आपल्या जुन्या सवयीप्रमाणे रक्ताकडे धाव घेतली. तसे करण्यास कारणही होते. १९५९ पासून लंडनमध्ये जॅक पेपिस आणि त्यांचे सहकारी अ‍ॅस्परजिलसच्या फुप्फुसरोगांत अवक्षेप पाडणारी प्रतिपिंडे शोधत होते. जुन्या क्षयाने पडलेल्या पोकळीत बुरशीचा गोळा वाढलेल्या रुग्णांच्या रक्तात ही प्रतिपिंडे विपुल सापडत. बुरसटलेले गवत हाताळणाऱ्या शेतकऱ्यांच्या फुप्फुसविकाराचा उलगडाही याच पद्धतीने झाला. बुरशीला रक्त उत्तर देते, एवढे यावरून सिद्ध झाले होते. मग ज्यांच्या देहात बुरशी सर्वत्र पसरते त्यांच्या रक्ताने तर अधिकच ठळक उत्तर द्यावे, असे अनुमान साहजिक होते.

हे अनुमान दोन्ही बाजूंनी ढासळले. कँडिडाच्या बाबतीत अडचण अतिरेकाची होती. ती प्रत्येकाच्या आतड्यात राहत असल्यामुळे बहुतेक निरोगी माणसांच्या रक्तातही तिच्याविरुद्ध प्रतिपिंडे असतात. तेव्हा ती सापडली म्हणून रोग आहे असे म्हणता येईना. अ‍ॅस्परजिलसच्या बाबतीत अडचण अभावाची होती. रॉबर्ट यंग आणि जॉन बेनेट यांनी १९७१ मध्ये आपल्या निबंधाच्या शीर्षकातच निष्कर्ष सांगून टाकला : ऊतींत घुसणाऱ्या अ‍ॅस्परजिलसच्या रोगात प्रतिपिंडांचा प्रतिसाद आढळत नाही. फुप्फुसे बुरशीच्या तंतूंनी भरलेली आणि रक्त मूक, असे हे चित्र होते.

या मौनाची मीमांसा करण्याची सामग्री तोवर जमली होती. फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार परक्या द्रव्याशी जुळणारी मोजकी लसीकापेशी निवडली जाते, ती भराभर विभाजन पावते आणि तिच्या संततीतून प्रतिपिंडे स्रवतात. म्हणजे प्रतिपिंड घडण्यासाठी पेशींचे विभाजन अपरिहार्य आहे. बॉस्टनमध्ये रॉबर्ट श्वार्ट्झ आणि विल्यम डेमशेक यांनी १९५८-५९ मध्ये सशांना सहा-मरकॅप्टोप्युरिन देऊन परके प्रथिन टोचले, तेव्हा प्रतिपिंडांची निर्मिती रोखली गेली. हेच औषध रक्तकर्करोगाच्या मुलांना रोज दिले जात होते. याचा अर्थ असा की, जी द्रव्ये रोगपेशींना वाढू देत नव्हती, तीच उत्तर देणाऱ्या पेशींनाही वाढू देत नव्हती. शिवाय मुलांतील बहुसंख्य रक्तकर्करोग लसीकापेशींचाच असतो. प्रतिपिंडांच्या कुळातील पेशीच तेथे बिघडलेली असते. आणि बालकाला बुरशीची ओळखही प्रौढाइतकी झालेली नसते, त्यामुळे पूर्वी साठवलेले उत्तरही त्याच्यापाशी थोडेच असते.

यातून एक सूक्ष्म भेद पुढे आला. अ‍ॅस्परजिलसला अडवण्याचे मुख्य काम भक्षक पेशी करतात. प्रतिपिंडे तेथे दुय्यम ठरतात. पोकळीत बुरशीचा गोळा असलेल्या रुग्णाचे रक्त प्रतिपिंडांनी भरलेले असते, तरी गोळा तेथेच राहतो. कणयुक्त पेशी सावरलेले मूल प्रतिपिंडांवाचूनही वाचू शकते. उत्तर आणि प्रतिकार या ज्या दोन अर्थांना 'प्रति' या उपसर्गाने एका शब्दात बांधले होते, ते या मुलांच्या शरीरात एकमेकांपासून सुटले. अर्थात हा निर्णय सर्वच बुरश्यांना लागू पडत नाही. क्रिप्टोकॉकस या बुरशीविरुद्ध काही विशिष्ट प्रतिपिंडे उंदरांचे रक्षण करतात, असे १९८० च्या दशकापासून दिसून आले आहे.

५

रक्ताच्या उत्तरावर विसंबता येत नाही असे कळल्यावर वैद्यकाने दोन मार्ग धरले. पहिला मार्ग उत्तराची वाट न पाहण्याचा. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील बालरोगतज्ज्ञ फिलिप पिझो आणि त्यांचे सहकारी यांनी १९८२ मध्ये असे मांडले की, पेशींची संख्या घटलेली असताना प्रतिजैविके देऊनही ताप हटत नसेल, तर बुरशी सिद्ध होण्याची वाट न पाहता तिच्यावरील औषध सुरू करावे. रोगनिदानानंतर उपचार ही वैद्यकाची नित्याची परंपरा येथे उलटी झाली. परंतु त्याने प्राण वाचले.

दुसरा मार्ग प्रश्नच बदलण्याचा. शरीर काय म्हणते हे विचारण्याऐवजी शत्रूने मागे काय टाकले हे शोधावे, असा हा विचार. १९७६ मध्ये कँडिडाच्या पेशीभित्तिकेतील मॅनन ही शर्करा रुग्णांच्या रक्तात मोजता येते असे वाइनर आणि याउंट यांनी दाखवले. १९९५ मध्ये अ‍ॅस्परजिलसच्या गॅलॅक्टोमॅननसाठी संवेदनक्षम चाचणी तयार झाली. १९९९ मध्ये फ्रान्समधील लील येथील सेंदीद आणि सहकाऱ्यांनी मॅनन आणि त्याविरुद्धची प्रतिपिंडे एकदमच मोजली, तेव्हा एक बोधक गोष्ट दिसली : ज्या रक्तात शर्करा आढळे त्यात बहुधा प्रतिपिंडे नसत आणि ज्यात प्रतिपिंडे असत त्यात बहुधा शर्करा नसे. दोन्ही एकत्र वाचल्या तर निदान सुधारे. प्रतिपिंडांचा अभाव एकटा निरर्थक होता. दुसऱ्या खुणेशेजारी ठेवल्यावर त्याला अर्थ आला. मौनही संदर्भात वाचता येते, हे भाषेच्या अभ्यासकास परिचित असलेले तत्त्व येथे प्रयोगशाळेत प्रत्ययास आले.

तथापि या खुणाही निर्दोष नव्हेत. काही प्रतिजैविकांमुळे, आणि अर्भकांत दुधाच्या कृत्रिम आहारामुळेही, गॅलॅक्टोमॅननची चाचणी फसवू शकते. म्युकर गणातील बुरश्यांत तर गॅलॅक्टोमॅनन नसतेच, त्यामुळे ही चाचणी त्यांच्यापुढे आंधळी होते. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राने म्युकरमायकोसिसचा भयंकर अनुभव घेतला आणि 'काळी बुरशी' हा शब्द घरोघरी पोहोचला. वस्तुतः ती बुरशी काळी नसते. रक्तपुरवठा तुटून मेलेला मांसभाग काळा पडतो. रक्तकर्करोग-चिकित्सकांना हा शत्रू कित्येक दशके आधीपासून ठाऊक होता. त्याचे निदान आजही मुख्यतः छायाचित्रण आणि ऊतीचा तुकडा यांवरच अवलंबून आहे.

६

या साऱ्या ज्ञानाची भारतातील कसोटी १९८० च्या दशकात लागली. डॉ. सुरेश अडवाणी आणि टाटा रुग्णालयातील त्यांचे सहकारी यांनी, अमेरिकेतील डॉ. इयन मॅग्राथ यांच्या सहकार्याने, १९८४ मध्ये मुलांच्या लसीकापेशीय रक्तकर्करोगासाठी 'एमसीपी ८४१' ही उपचारयोजना सुरू केली. दिल्ली आणि मद्रास येथील केंद्रेही तीत सामील झाली. त्यापूर्वी भारतात अशी पाचांपैकी जेमतेम एक मूल दीर्घकाळ जगे. या योजनेने केंद्राकेंद्रानुसार सुमारे ४० ते ६० टक्के मुलांना चार वर्षांचे रोगमुक्त आयुष्य मिळाले. राहिलेल्या मृत्यूंत कर्करोगाच्या उलटण्याबरोबरच उपचारकाळातील संसर्गाचा वाटा मोठा होता. म्हणजे काही मुले ज्या रोगासाठी आणली गेली त्याने न मरता उपचारांनी उघड्या पडलेल्या वाटेने गेली. त्या वाटेवर पहारा ठेवणेही सोपे नाही : बुरशीवरील इट्राकोनॅझोलसारखी औषधे व्हिन्क्रिस्टिनबरोबर दिली असता मज्जातंतूंना गंभीर इजा होऊ शकते, त्यामुळे आगाऊ संरक्षण देतानाही डॉक्टरांचे हात बांधलेले राहतात.

आजऱ्याच्या एखाद्या कुटुंबाच्या दृष्टीने या इतिहासाचा अर्थ अगदी व्यावहारिक आहे. कोल्हापूर तेथून सुमारे ऐंशी किलोमीटर आणि मुंबई चारशेहून अधिक. उपचारांची पहिली फेरी आटोपून, दादरच्या श्री गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणचा मुक्काम हलवून, मूल दोन फेऱ्यांच्या मध्ये घरी येते ते अनेकदा भर पावसाळ्यात. त्या दिवसांत त्याला ताप आला आणि सवयीप्रमाणे केवळ प्रतिपिंडांची चाचणी करून 'रक्तात काही निघाले नाही' असा निर्वाळा दिला गेला, तर तो निर्वाळा दिलासा देणारा असला तरी निराधार असतो. ज्या पेशींनी साक्ष द्यावयाची त्यांचीच वाचा औषधांनी बंद केलेली असते. अशा मुलाचा ताप हीच साक्ष समजून पेशींची गणना त्याच दिवशी करणे आणि उपचारकेंद्राशी तात्काळ संपर्क साधणे, हा बोडी, यंग, बेनेट आणि पिझो यांच्या संशोधनाचा निष्कर्ष होय. आणि तो अमलात आणण्यास तालुक्याच्या गावीही फारशी सामग्री लागत नाही.

प्रतिपिंडांचे स्थान यामुळे संपले असे मात्र नाही. बुरशीच्या आक्रमणातून वाचलेल्या काही रुग्णांत, अस्थिमज्जा पुन्हा उभारी धरू लागताच, इतके दिवस न सापडलेली प्रतिपिंडे रक्तात उमटतात असे आढळले आहे. उपचार संपल्यावर काही महिन्यांनी मुलाची ही शक्ती हळूहळू परतते, आणि पूर्वी टोचलेल्या लसींची विरलेली स्मृती पुन्हा जागवण्यासाठी त्याला लसी पुन्हा दिल्या जातात. विडाल यांनी प्रतिपिंडांना रोगाचे साक्षीदार म्हणून उभे केले होते. रक्तकर्करोगी बालकाच्या बाबतीत ती उशिरा येतात, आणि येतात तेव्हा बहुधा रोगाऐवजी आरोग्याच्या परतीची साक्ष देतात.